अण्णांचं खातं

अण्णांचं सिमकार्ड आई दर ८४ दिवसांनी रिचार्ज करत होती. अण्णांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्यांचा फोन कपाटात साड्यांखाली बंद पडून होता, पण सिम तिनं स्वतःच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घालून घेतलं होतं. "आता तो नंबर बंद करूया की," असं मी दोनदा म्हणून पाहिलं. ती "बघू" म्हणायची आणि कुकर लावायला उठायची. गेल्या दिवाळीत त्याच नंबरवर सहा आकडे आले आणि अण्णांचं खातं उघडलं. आईनं माझं ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

सप्टेंबरात माझ्या मेलवर एक सूचना आली होती. अण्णांनी गूगलचं खातं काढताना अडीअडचणीला म्हणून माझा पत्ता दिला होता, म्हणून ती मला आली. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर खातं आणि त्यातलं सगळं पुसलं जाऊ शकतं, हा नियम गूगलनं मे २०२३ मध्ये जाहीर केला आणि त्या डिसेंबरपासून लागू केला. पैसे भरून जागा घेतलेली असेल तर खातं चालू धरतात. अण्णांनीही १०० जीबीची जागा घेतली होती, महिन्याला १३० रुपये. पण ते पैसे त्यांच्या बँक खात्यातून जायचे. बँकेचं खातं आम्ही रीतसर बंद केलं, सह्या केल्या, दाखले दिले, आणि त्याबरोबर आणखी काय बंद होतंय हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पासवर्ड शोधावा लागला नाही. अण्णांच्या डायरीत शेवटच्या पानावर, गॅसच्या ग्राहक क्रमांकाखाली, लाल शाईनं लिहिलेला होता.

अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. ३४ वर्षं एकाच पेढीवर. नोंद केल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. दूधवाल्याचा खाडा, मोलकरणीची उचल, कोणत्या दिवशी पहिला पाऊस, सगळं लिहिलेलं. आमचं घर गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. २००५ च्या पुरात घरात गुडघाभर पाणी आलं तेव्हापासून त्यांच्या नोंदींत एक नवं सदर आलं: कृष्णेची पातळी. जुलै लागला की रोज सकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जायचे, पट्टीवरचा आकडा बघायचे आणि घरी येऊन वहीत टिपायचे. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. हे आकडे सांगलीत पाढ्यांसारखे पाठ असतात. पुढं भावानं त्यांना चांगला फोन घेऊन दिला, २०१६ मध्ये फोटो आपोआप क्लाउडवर, म्हणजे त्यांच्या गूगलच्या खात्यात, चढतील अशी सोय करून दिली, आणि अण्णा पट्टीचा फोटो काढू लागले. वही सुटली नाही. पण फोटोखाली दोन ओळी लिहिता येतात हे कळल्यावर ते तिथंही लिहू लागले.

त्या वह्या २०१९ मध्ये गेल्या. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. तळमजल्यावरचा संगणक, २००५ नंतर ओल्या अल्बमांतून एकेक सोडवून स्कॅन करून आणलेल्या जुन्या फोटोंच्या सीड्या, वह्यांचं कपाट, सगळं चिखलात. राजवाडा चौकातल्या नगर वाचनालयात त्याच पुरानं पुस्तकांचा लगदा केला. अण्णा तिथले जुने सभासद. घर धुऊन काढायच्या आधी ते वाचनालयाची अवस्था बघून आले होते आणि दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. आमच्या घरातलं जे वाचलं ते क्लाउडवर होतं म्हणून वाचलं. भावानं त्या सीड्यांतले फोटोही वर चढवून ठेवले होते. मला या सोयीबद्दल आजही मनापासून कृतज्ञता आहे.

म्हणूनच, सगळं खाली उतरवून घरच्या संगणकावर आणायचं ठरवलं तेव्हा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "ताई, परत सांगलीतच आणतेस? पुराच्या गावात?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर सुचलं ते अण्णांच्याच तोंडून ऐकलेल्या पेवांवरून. हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि आत पोटासारखी फुगलेली. त्या मातीचा गुणच असा की पोत्यांशिवाय ओतलेली हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. माल व्यापाऱ्याचा, पेव हरिपूरकराचं, आणि मध्ये एक चिठ्ठी. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर आत हवा नाही. अण्णा लहानपणी आम्हाला हे भुताच्या गोष्टीसारखं सांगायचे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "चिठ्ठी हरवली तरी हळद असतेच गं आत. पण मग ती कुणाची, हे सांगायला माणूस लागतो." २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. हळद गेली, कित्येक पेवं कायमची गेली.

अण्णांच्या फोटोंची चिठ्ठी म्हणजे एक चालू सिम आणि लाल शाईतली एक ओळ. तेवढ्यावर किती दिवस विसंबायचं? भावाला मी एवढंच म्हणाले, "इथं एक प्रत, तुझ्याकडे पुण्यात एक, आणि वरची आहे तशीच." पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं तीन-दोन-एकचा नियम सांगितला, तो हाच: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. पुराच्या गावातल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

पहिली चूक मी पहिल्याच संध्याकाळी केली. घाई होती, नियमाची तारीख जवळ होती. खातं उघडलं, फोटो दिसले, महिन्यामागून महिना खूण करत गेले आणि 'डाउनलोड' दाबलं. फोटो उतरले. छान, स्पष्ट. रात्री अकरा वाजता आईला दाखवायला बसले. पट्टीचे फोटो आले, एकामागून एक. तपकिरी पाणी, काळे आकडे. आई म्हणाली, "आणि खाली लिहिलेलं कुठाय?"

खाली लिहिलेलं आलंच नव्हतं.

हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि बहुतेकांना नसतं, म्हणून जरा थांबून सांगते. फोटोची फाइल म्हणजे नुसतं चित्र नव्हे. कॅमेरा त्यात स्वतःची एक पट्टी चिकटवतो, तिला एक्झिफ म्हणतात. कधी काढला, कोणत्या फोननं, चालू असेल तर कुठं, हे त्यात असतं आणि ते फाइलबरोबर प्रवास करतं. पण फोटो क्लाउडवर गेल्यानंतर आपण त्याखाली जे लिहितो, तो ज्या अल्बममध्ये ठेवतो, जुन्या स्कॅनची तारीख हातानं दुरुस्त करतो, ते फोटोत जात नाही. ते त्या सेवेच्या वहीत राहतं. पडद्यावर दोन्ही शेजारी दिसतात म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. नुसता फोटो उचलला की वही तिथंच राहते.

वहीसकट आणायचं तर वेगळा रस्ता आहे. गूगलनं २०११ मध्ये टेकआउट नावाची सोय सुरू केली, आपलं सगळं सामान बांधून मागून घेण्याची. तिथं मागणी नोंदवायची, गठ्ठे केवढे हवेत ते सांगायचं आणि थांबायचं. आमच्याकडे संध्याकाळची वीज बेभरवशाची, मोठा गठ्ठा अर्ध्यात तुटला तर पहिल्यापासून सुरुवात, म्हणून मी २ जीबीचे मागितले. दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आली. ४७ गठ्ठे, म्हणजे जवळपास ९४ जीबी. खात्यात मात्र ३८ जीबीच भरलेले दिसत होते. त्याचं कारण, १ जून २०२१ च्या आधी थोड्या कमी दर्जात चढवलेले फोटो जागेत मोजले जात नसत. जागेचा आकडा आणि मालाचं वजन वेगळं असू शकतं, हे अण्णांना लगेच कळलं असतं.

गठ्ठे सात दिवसच ठेवतात. आमचं कनेक्शन ४० एमबीपीएसचं. ते बिटमध्ये मोजतात आणि फाइल बाइटमध्ये, म्हणून आठनं भागायचं: सेकंदाला ५ एमबी. एका गठ्ठ्याला सात मिनिटं. ४७ गठ्ठे पाच-साडेपाच तासांत व्हायला हवे होते. प्रत्यक्षात तीन संध्याकाळी गेल्या, त्यातल्या एकीला वसुबारस होती आणि मी गायीची पूजा सोडून २३ वा गठ्ठा बघत होते. आई काही बोलली नाही. तिनंच माझ्या वाटचं निरांजन ओवाळलं.

सगळे गठ्ठे एकाच फोल्डरमध्ये सोडायचे, हे मात्र कुणी सांगितलं नसतं तर मी पुन्हा चुकले असते. फोटो अकराव्या गठ्ठ्यात आणि त्याची माहिती बाराव्यात, असं सर्रास होतं. ही माहिती म्हणजे प्रत्येक फोटोमागं एक छोटी जेसॉन फाइल. नोटपॅडमध्ये उघडली की महिरपी कंस, इंग्रजी शब्द, अवतरणचिन्हं, आणि त्या काटेरी कुंपणात मध्येच अण्णांची एक मराठी ओळ.

"सकाळी ६. रात्रीत दोन फूट. कोयनेचं पाणी अजून यायचंय."

"सूर्यवंशी प्लॉटमधली माणसं हलवायला सुरुवात."

"आज उतार. सरकारी घाटाची एक पायरी दिसली."

अशा शेकडो. वह्या गेल्या असं आम्ही सहा वर्षं धरून चाललो होतो. त्या पूर्ण गेल्या नव्हत्या.

जुन्या स्कॅनचं काम सगळ्यात संथ झालं. आईच्या लग्नातला फोटो संगणकाला विचारला तर २००६ सालचा, कारण स्कॅन तेव्हा झालं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची एक्झिफ पाठवतानाच झडलेली असते, तारीख असलीच तर फाइलच्या नावात. मी नावं वाचायची, आई चित्र बघायची. ती तारखा सांगत नव्हती. ती म्हणायची, "हा मावशीच्या मंगळागौरीचा, तेव्हा तू पोटात होतीस." किंवा, "भिंतीचा रंग बघ, हा दुसऱ्या रंगाच्या आधीचा." मी तिच्या वाक्यातून साल काढायची. एका फोटोवर आम्ही पाऊण तास बसलो होतो. वाड्याच्या चौकात उभी असलेली नऊवारीतली बाई कोण, यावर आईनं शेवटी हरिपूरच्या आत्याला फोन लावला. आत्या फोटो न बघताच म्हणाली, "दारात हंडा आहे का? मग ती आमची काकू." हंडा होता.

भाच्याला संगणकाचं कळतं. फिल हार्वे यांनी २००३ पासून सांभाळलेलं एक्झिफटूल नावाचं साधन फुकट मिळतं, ते वापरून त्यानं जेसॉनमधल्या ओळी आणि तारखा पुन्हा फोटोंच्या पोटात घातल्या. आता फोटो कुठंही नेला तरी अण्णांची ओळ त्याच्याबरोबर जाईल. त्याआधी मूळ गठ्ठे जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर ठेवायला त्यानं लावलं. "मावशी, माझी चूक झाली तर परत यायला जागा पाहिजे," असं म्हणाला. एकोणीस वर्षांचं पोर, पण हे वाक्य दिवाणजीचं होतं.

त्यानं हे सांगितलं ते बरं झालं, कारण त्याच आठवड्यात मी दुसरी चूक केली. अण्णांच्या आवाजातली अकरा रेकॉर्डिंग त्याच खात्यातल्या गूगल ड्राइव्हमध्ये होती, पेवांच्या गोष्टी, नातवंडांसाठी सांगितलेल्या. लॅपटॉपवर ड्राइव्हचं ॲप घालून ती खाली घेतली, पेनड्राइव्हवर टाकली असं समजले आणि लॅपटॉपवरचं फोल्डर काढून टाकलं. पेनड्राइव्हवर नुसतं रिकामं फोल्डर गेलं होतं. आणि ॲप दोन्ही जागा एकसारख्या ठेवत असल्यामुळे वरचंही गेलं. ते ॲप प्रत देत नव्हतं, आरसा धरत होतं. इकडचं पुसलं की तिकडचं पुसलं जाणारच. तीस दिवस कचरापेटीत राहतं म्हणून अकराच्या अकरा परत मिळाली. पण ते कळेपर्यंतच्या वीस मिनिटांत माझे हात गार पडले होते. मी आईला हे आजवर सांगितलेलं नाही.

मग तक्ता. सगळ्या जेसॉनमधल्या तारखा आणि ओळी एकाखाली एक लावून भाच्यानं मला एक तक्ता करून दिला. मी तो छापून आणला. रात्री जेवणं झाल्यावर आई आणि मी तो वाचत असू, वर्षामागून वर्ष, पावसाळ्यामागून पावसाळा. २०१९ चं पान आईनं दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी तिनंच काढलं.

त्या साली नागपंचमी ५ ऑगस्टला होती. मी विश्रामबागेतून माहेरी आले होते. पंचमीचं निमित्त, खरं तर दोघांना माझ्या घरी घेऊन जायला आले होते. विश्रामबाग उंचावर. अण्णा ऐकत नव्हते. २००५ ची खूण त्यांनी भिंतीवर कोरून ठेवली होती, तिच्यावर पाणी जाणार नाही यावर त्यांचा विश्वास होता. गावभागात त्या दिवशी घरोघरी हेच बोलणं चाललं होतं. ६ तारखेला सकाळी मात्र त्यांनीच आम्हाला उठवलं, "निघायचं" एवढंच म्हणाले, आणि आम्ही तासाभरात निघालो. कशानं त्यांचं मन बदललं ते कधी बोलले नाहीत. आज भिंतीवर तीन खुणा आहेत. २००५ ची सगळ्यांत खाली, २०१९ ची माझ्या डोक्यावर, मध्ये २०२१.

तक्त्यात ५ ऑगस्टची शेवटची नोंद होती, वेळ २३:२०. ओळ अशी: "गल्लीच्या तोंडाशी पाणी. घरी सगळे झोपलेत. अजून अर्धा तास उठवत नाही."

आम्ही दोघींनी ती तीन-चारदा वाचली. रात्री अकरा वीस. पण रात्री अकरा पन्नासला आम्हाला कुणी उठवलं नव्हतं. आणि पाणी रात्री अकराला गल्लीत असेल आणि अण्णांनी आम्हाला सकाळपर्यंत झोपू दिलं असेल, तर ते त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. आई गप्प झाली. मला तिच्या मनातलं दिसत होतं, आणि मला ते नको होतं. मी फोटोच उघडला. अंधारात विजेच्या खांबाचा दिवा, त्याखाली चमकणारं पाणी. फोटोच्या स्वतःच्या पट्टीवर, एक्झिफमध्ये, वेळ होती ४:५०. तारीख ६ ऑगस्ट.

भाच्याला रात्रीच फोन केला. त्यानं दोन मिनिटांत सांगितलं. जेसॉनमधली वेळ आपली नसते, जागतिक प्रमाणवेळ असते. आपण तिच्या साडेपाच तास पुढं. पहाटे साडेपाचच्या आधी काढलेला प्रत्येक फोटो त्या तक्त्यात आदल्या दिवसावर पडला होता. पाणी चढतं तेव्हा अण्णा पहाटेच बाहेर पडायचे, त्यामुळे नेमक्या पुराच्या दिवसांच्या नोंदी एकेक दिवस मागं सरकल्या होत्या. त्यानं त्यात साडेपाच तास मिळवले, तक्ता नव्यानं पाठवला, आणि ती ओळ ६ ऑगस्टच्या सकाळी आली. चार पन्नासला पाणी गल्लीच्या तोंडाशी. पाच वीसला आम्हाला हाक.

मी हिशोब आईला समजावून सांगितला. कागदावर लिहून दाखवला. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"मी जागीच होते," ती म्हणाली. "हे दार ओढून बाहेर गेले तेव्हाच जाग आली होती. परत येऊन चौकात बसले, तेही ऐकू आलं. चहा टाकायला उठणार होते. पण स्टोव्हच्या आवाजानं तू उठशील म्हणून तशीच पडून राहिले."